काटलेला पहिला परिच्छेद

लातूर, ३ सप्टेंबर १९८२

श्री. नरसिंग सोनकांबळे गुरुजी, मुखेड, यांस
सप्रेम नमस्कार.

खालची सही वाचून तुम्ही पाकीट बाजूला ठेवाल अशी धास्ती आहे, म्हणून आधीच सांगतो, पत्र कामाचं आहे. मी ईश्वरप्पा हलकुडे. 'पटांगण'च्या पुण्याच्या कचेरीत तालुक्याच्या बातम्यांच्या टेबलावर सव्वीस वर्षं बसलो. तुम्ही मुखेडहून बातम्या पाठवत होता आणि मी त्या काटत होतो. इतक्या वर्षांत आपली एकदाही भेट झाली नाही, पण तुमचं अक्षर मी शंभरांतून ओळखीन. तुमचा 'ळ' ओळीखाली पाय सोडून बसायचा आणि आमचे खिळे जुळवणारे त्याला हसायचे.

मार्चमध्ये निवृत्त होऊन गावी लातूरला आलो, तर इथं गावाचा जिल्हा होऊन बसला. सध्या सगळं लातूर लग्नघरासारखं झालंय. उस्मानाबादेहून ट्रक भरभरून फायली येतायत. कपाटं अजून यायची आहेत, त्यामुळे फायली व्हरांड्यात फरशीवर रचल्यात आणि आपली फाईल वर आहे का खाली, या काळजीनं नोकरदार मंडळी चकरा मारतायत. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्यानंसुद्धा पाटी नव्यानं रंगवून घेतली आणि गावाच्या नावापुढे जि. लातूर टाकलं.

आता काम. या वर्षी 'पटांगण'ला पन्नास वर्षं झाली. १९३२ साली पुण्यातल्या एका तालीममास्तरानं काढलेलं चार पानांचं साप्ताहिक, आज सात शहरांत छापलं जातं. दिल्लीत नोव्हेंबरात आशियाई खेळ आहेत, त्याच्या आत सुवर्णमहोत्सवी इतिहास बाहेर पडला पाहिजे असा संपादकांचा हुकूम आहे. प्रकरणं वाटून दिलीत. महायुद्धात पांढरा कागद मिळेना म्हणून कुठल्याशा कारखान्याचा हिरवट वेष्टनाचा कागद उचलला आणि लोकांना तोच रंग आवडून कायमचा चिकटला, ही हकिकत एकाकडे. हिंदी आवृत्ती इंदूरला आणि कानडी हुबळीला कशी निघाली ते दुसऱ्याकडे. साप्ताहिकाचं दैनिक झालं ते तिसऱ्याकडे. आणि तालुक्याचे वार्ताहर माझ्या गळ्यात. ग्रंथाचं पहिलं वाक्य संपादकांनी स्वतः लिहिलंय : 'पन्नास वर्षांत पटांगणने एकही निकाल चुकीचा छापला नाही.'

मराठवाड्यातल्या वार्ताहरांत तुम्ही जुने. पेपर तुमच्याकडे पहिल्यांदा कसा आला, बातम्या कशा पाठवायचात, जे आठवेल ते लिहा. १९७३ नंतर तुमच्या बातम्या थांबल्या. का थांबल्या ते आता मला नीटसं आठवत नाही, शाळेची कामं वाढली असतील. असो. उत्तराची वाट पाहतो.

आपला,
ई. वी. हलकुडे

•

मुखेड, ११ सप्टेंबर १९८२

श्री. हलकुडे यांस
सप्रेम जयभीम.

पत्र मिळाले. विचारलेल्या माहितीचे उत्तर क्रमाने देतो.

निजामाच्या अमलात शेवटची दोन वर्षे पलीकडची वर्तमानपत्रे आमच्याकडे येऊ देत नसत. आमच्या भागातले पैलवान सोलापूरकडे कुस्त्यांना जात आणि येताना 'पटांगण'चा अंक लंगोटाच्या घडीत घालून आणत. नाक्यावरचा शिपाई पिशवी उलटीपालटी करायचा, पण वापरलेल्या लंगोटाला हात लावायला त्याला कंटाळा. तालमीत संध्याकाळी एकजण मोठ्याने वाचायचा. आम्हाला तालमीच्या आत यायला परवानगी नव्हती. मी खिडकीबाहेर उभा राहून ऐकलेले आहे. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. अंकाला घामाचा वास यायचा, हेही लिहायचे तर लिहा.

१९५८ साली मी मास्तर झाल्यावर पेपरला अर्ज केला आणि ओळखपत्र आले. आमच्या वस्तीत फोटो चिकटवलेला कागद त्याआधी कुणाच्या घरात नव्हता. आईने तो आठ दिवस शेजारपाजारी दाखवला. बातमी मी नांदेडच्या एस.टी.त वाहकाकडे द्यायचो, तो स्टेशनवरच्या डाकेत टाकायचा. निकाल तातडीचा असेल तर तार. कुस्त्या, कबड्डी, खो-खो, बैलांच्या शर्यती. पंधरा वर्षांत एकही सामना न पाहता लिहिला नाही.

आता १९७३. का थांबले ते तुम्हाला आठवत नाही असे लिहिलेत. मला आठवते, कारण कागद माझ्याकडे आहे. दि. २६ फेब्रुवारी १९७३. 'आपण न झालेल्या सामन्याची बातमी पाठवून पत्राची दिशाभूल केली, सबब वार्ताहराचे ओळखपत्र परत करावे.' खाली सही ई. वी. हलकुडे. ओळखपत्र मी रजिस्टर पोस्टाने परत केले. पावती ठेवली आहे.

तेव्हा माझे नाव तुमच्या प्रकरणात घालू नये ही विनंती. लंगोटाची हकिकत नावाशिवाय घ्यायला हरकत नाही.

न. के. सोनकांबळे

•

लातूर, २० सप्टेंबर १९८२

नरसिंगराव,

तुमचं पत्र आल्यापासून चार दिवस माझं जेवणात लक्ष नाही. घरात विचारतात, काय झालं? काय सांगू? मला सगळं आठवत होतं. तुम्ही विसरला असाल अशी आशा होती, म्हणून तसं लिहिलं. आता सरळ सांगतो.

आमच्या टेबलाचा एक रिवाज होता. तालुक्याहून आलेल्या बातमीचा पहिला परिच्छेद न वाचताच काटायचा. कारण त्यात कायम सरपंचांचं स्वागत, नारळ फोडणारे, हार घालणारे आणि मंडप देणारे. खेळ दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू व्हायचा. नवीन माणूस टेबलावर आला की त्याला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो आणि वर ऐटीत सांगायचो की यानं रोज अर्धा तास वाचतो.

दुसरा रिवाज असा की मोठ्या स्पर्धांचे मथळे आधीच जुळवून ठेवायचे. निकाल आला की खाली मजकूर बसवायचा. फेब्रुवारीत महिलांची मराठवाडा विभागीय खो-खो होती. मथळा तयार होता. दुष्काळामुळे स्पर्धा रद्द झाल्याचं पत्र दुसऱ्याच टेबलावर पडून राहिलं. इकडे तुमची बातमी आली : महिला, खो-खो, मुखेड विजयी. मी सवयीनं पहिला परिच्छेद काटला, बाकीचा त्या मथळ्याखाली बसवला आणि चहाला गेलो.

आठवड्यानं खो-खोच्या संघटनेची तक्रार आली की असा सामना झालाच नाही. मी तारेत खोचलेले जुने कागद उपसून तुमची बातमी काढली आणि तिचा पहिला परिच्छेद पहिल्यांदा वाचला. तुम्ही लिहिलं होतं : 'महिलांची विभागीय स्पर्धा रद्द झाली आहे. खालील सामना त्या स्पर्धेतला नव्हे. मुखेडजवळ पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर दगड फोडणाऱ्या व माती वाहणाऱ्या बायकांच्या दोन टोळ्यांत, सुट्टीच्या दिवशी, त्या तलावाच्या कोरड्या पात्रात तो झाला.' तुमच्या बातमीत सरपंच नव्हता, नरसिंगराव. सगळं खरं तिथंच होतं.

संपादकांनी विचारलं, चूक कुणाची? मी म्हणालो, वार्ताहराची. माझ्या बढतीचा महिना होता. तुमचा कागद खिशात घातला आणि तुम्हाला ते पत्र लिहिलं. चुकीचा खुलासा छापलाच नाही, कारण 'पटांगण' कधी चुकत नाही ना! आता त्याच वाक्यानं इतिहास सुरू व्हायचाय आणि मला रोज त्याची लाज वाटते.

मी ठरवलंय. माझ्या प्रकरणात हे सगळं जसंच्या तसं लिहितो, तुमचा काटलेला परिच्छेद छापतो आणि तुमचं नाव तुमच्या जागी ठेवतो. संपादक ओरडतील, ओरडू देत. आता मला काय बढती द्यायचीय त्यांनी?

तुमचा अपराधी,
ईश्वरप्पा

•

मुखेड, २८ सप्टेंबर १९८२

श्री. हलकुडे यांस
जयभीम.

तुमचे पत्र तीन वेळा वाचले. नऊ वर्षे मी कारण दुसरेच धरून बसलो होतो. कोणते ते तुम्हाला सांगायला नको. ते कारण नव्हते एवढे कळले, याचे बरे वाटले. बढतीसाठी माझा बळी दिलात हे वाचून रागही आला. दोन्ही खरे आहे.

पण तुम्ही ठरवले आहे ते करू नका. छापू नका. कारण सांगतो.

त्या दोन टोळ्या म्हणजे मुखेडच्या बायका आणि जांबच्या बायका. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा आणि पाणी पुरत नसे. रांगेवरून दर वेळी भांडणे. एकदा डोकी फुटली. तेव्हा मुकादमानेच तोडगा काढला की खेळा, जो जिंकेल त्या टोळीचा महिनाभर टँकरवर पहिला नंबर. दोन पहारी ठोकून खांब केले. लुगड्याचे काष्टे मारून बायका उतरल्या. मी अनेक अंतिम सामने पाहिलेत, पण हरलो तर पाणी नाही, अशा जिद्दीने खेळलेला सामना तो एकच. आमच्या वस्तीतली धुरपता वाघमारे, एकोणीस वर्षांची, शेवटच्या डावात चार मिनिटे हाती लागली नाही. मुखेड दोन गुणांनी जिंकले.

पुढच्या वर्षी लातूरला मुलींच्या सरकारी वसतिगृहात मदतनीस घ्यायची होती. खेळलेल्या बाईला आधी घेणार, मुलींना खेळ शिकवील म्हणून. धुरपताला तेव्हा अक्षरओळख नव्हती. अर्ज मी भरला. खेळाचे प्रमाणपत्र कुठून आणणार? मी तुमच्या अंकातले कात्रण चिकटवले. 'मराठवाडा विभागीय महिला खो-खो : मुखेड अजिंक्य', आणि खाली कर्णधार म्हणून तिचे नाव. मथळा खोटा आहे हे मला माहीत होते. कात्री हातात होती, वरची ओळ कापून टाकता आली असती. नाही कापली. तिला काही सांगितलेही नाही.

तिला नोकरी लागली. त्यावर तिने दोन भाऊ शिकवले, आईचे डोळ्यांचे ऑपरेशन केले. ती आजही तुमच्याच गावात त्या वसतिगृहात आहे. तुम्ही तुमच्या इतिहासात खरे लिहाल, माझे नाव उजळेल आणि तिची नोकरी जाईल. मला तसले नाव नको.

न. के. सोनकांबळे

•

लातूर, ९ ऑक्टोबर १९८२

नरसिंगराव,

प्रकरण बाजूला ठेवलं. तुम्ही सांगितलंत म्हणून नव्हे, धुरपताबाईंसाठी. पण आता वेगळंच झालंय.

काल दुपारी जिल्ह्याच्या नव्या कार्यालयातले कारकून मलप्पा आमच्या दारात. गृहस्थ भारी काटेकोर. चपला काढून आत आले, पाणी पिऊन झाल्यावर रुमालानं तांब्या पुसून ठेवला. उस्मानाबादेहून आलेल्या फायली ते एकेक तपासतायत. म्हणाले, "एका बाईच्या फायलीत प्रमाणपत्र न्हाई, नुसतं कात्रण हाय. पेपर तुमचा. तुमी गावातच हाव म्हणल्यावर पुण्याला कशाला लिहू? हे बरोबर हाय का तेवढं लिहून द्या."

कात्रण माझ्यासमोर धरलं. तो मथळा मी नऊ वर्षांनी पाहिला. कागद अजून हिरवटच आहे.

मी म्हणालो, आठवून सांगतो. ते म्हणाले, सावकाश सांगा, महिनाअखेर फाईल बंद करायचीय. आता सांगा, मी काय लिहू? खरं लिहिलं तर बाई जातात. खोटं लिहिलं तर मी त्या दिवशी केलं तेच पुन्हा करतो, फक्त या वेळी डोळे उघडे ठेवून. तुम्ही म्हणाल तसं करतो. एवढा हक्क तुमचा आहे.

ईश्वरप्पा

•

मुखेड, १३ ऑक्टोबर १९८२

हलकुडेसाहेब,

विचारायचे काय त्यात? 'बातमी बरोबर आहे' एवढे तीन शब्द लिहा. एकदा तुमच्या चुकीचा बोजा मी उचलला, या वेळी माझ्या चुकीचा तुम्ही उचला. फिट्टंफाट होईल.

सामना झाला. ती खेळली. ती जिंकली. यात खोटे काय आहे? वरची एक ओळ. तुमच्या पेपरने पन्नास वर्षांत काय कमी ओळी फुगवल्या?

धुरपताला यातले काही कळवू नका. तिचा स्वभाव मला माहीत आहे. घाबरून जाईल आणि भलतेच काही बोलून बसेल. तुम्ही पुरुष माणसाने, पेपरच्या माणसाने लिहून दिले म्हणजे प्रश्न मिटतो.

मी नेहमी सरळ वागणारा माणूस आहे आणि हे पत्र लिहिताना मला माझाच संताप येतो आहे. तरी लिहा.

न. के. सोनकांबळे

•

लातूर, १९ ऑक्टोबर १९८२

नरसिंगराव,

लिहून दिलं. 'सदर बातमी बरोबर असून स्पर्धा विभागीय दर्जाची होती.' दुसरा अर्धा भाग मलप्पांनी मागितला नव्हता, तो मीच घातला. खोटं लिहायला बसलं की हात सैल सुटतो, हा माझा जुना अनुभव. मलप्पांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घडी घालून नेलं.

पुण्याला प्रकरण पाठवलं. त्यात लंगोट आहेत, एस.टी.चे वाहक आहेत, तारा आहेत. तुमचं नाव नाही, धुरपताबाईंचं नाही, माझी चूक नाही. वाचायला मजेदार झालंय. संपादकांची तार आली, 'उत्तम'.

ईश्वरप्पा

•

लातूर, ३० ऑक्टोबर १९८२

नरसिंगराव,

आपण दोघांनी मिळून घोटाळा केला. क्रमानं सांगतो, मध्ये थांबू नका, पूर्ण वाचा. शेवट वाईट नाही.

गुरुवारी मला कार्यालयातून बोलावणं आलं. गेलो तर व्हरांड्यात फायलींच्या ढिगाशेजारी एक बाई उभ्या. उंच, सावळ्या, हातात छत्री, पायात कॅनव्हासचे बूट. मी विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "तुमीच का ते पेपरवाले?" त्या धुरपताबाई.

झालं होतं असं. मलप्पा काटेकोर म्हणून सांगितलं ना? माझ्याकडे आले त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी बाईंनाही लेखी विचारलं होतं. आणि बाईंनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं : 'ही स्पर्धा नव्हती. दुष्काळी कामावर टँकरच्या नंबरासाठी आम्ही खेळलो. पेपरात चुकीचं छापलं आहे.' त्याच्यावर माझं उत्तर जाऊन बसलं. वर 'विभागीय दर्जाची' हेही. मलप्पांच्या साहेबांना वाटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. बाई नाही म्हणते आणि पेपरवाला छातीठोक हो म्हणतो, म्हणजे बाईनं आधी खोटी बातमी छापून घेतली आणि आता चौकशीला भिऊन अंग काढून घेते आहे. बाईंना नोटीस निघाली. सात दिवसांत खुलासा द्या, नाहीतर सेवा संपली.

मलप्पा म्हणाले, "बाई खरी तर पेपर खोटा, पेपर खरा तर बाई खोटी. मला एकच फाईल बंद करायचीय, साहेब. कंचं काढून टाकू?"

नरसिंगराव, बाई शेजारी उभ्या होत्या. मी कागद मागितला आणि लिहिलं. सामना कुठला, मथळा कुणी बसवला, पहिला परिच्छेद कुणी काटला, आणि दहा दिवसांपूर्वीचं माझं लिहिणं जाणूनबुजून खोटं. मग नऊ वर्षं ठेवलेला तुमचा मूळ कागद खिशातून काढून जोडला. चार वाजेपर्यंत ते चाललं. लिहून झाल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही, फक्त लाज वाटली.

मलप्पांनी मग फाईल पुन्हा पहिल्या पानापासून उघडली. कात्रण अर्जावर चिकटवलेलं होतं, आणि अर्ज पाठकोरा असेल असं धरून कुणी उलटलाच नव्हता. त्यांनी उलटला. मागे १९७४ सालच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका उमाबाईंच्या अक्षरात शेरा होता : 'उमेदवारास कात्रण वाचून दाखविले. अशी स्पर्धा झाली नसल्याचे तिने स्वतः सांगितले. अंगणात मुलींसोबत खेळवून पाहिले. एकीच्याही हाती लागली नाही. कात्रण विचारात न घेता नेमणूक केली.'

आठ वर्षं तो शेरा तिथंच होता. शेरा साहेबांना दाखवून नोटीस त्याच टेबलावर फाडली. बाईंची नोकरी आहे तिथं आहे.

मी पुण्याला खरं प्रकरण पाठवलं आणि सांगितलं, हे छापा नाहीतर माझं नाव काढा. संपादकांनी माझं नाव काढलं. ठीक आहे. तुम्ही मात्र धुरपताबाईंना एक पत्र लिहा. निघताना त्या माझ्याशी एवढंच बोलल्या, "तुमी काय लिहून दिलं ते गुरुजीला ठावं होतं का?" मी हो म्हणालो.

ईश्वरप्पा

•

लातूर, १८ नोव्हेंबर १९८२

गुरुजीस धुरपताचा जयभीम.

तुमचं पत्र आलं. उत्तर द्यायला उशीर झाला कारण मनात लई राग होता, आन् रागात तुमाला लिहिलं असतं तर मलाच झोप आली नसती. लिहायला तुमच्यामुळंच शिकले. इथं आल्यावर उमाबाईनं शिकवलं, पण पाटी तुमीच दिली होती. ते मी इसरले न्हाई.

तुमी माफी मागितली. माफी कशाची ते नीट सांगते. कात्रण लावलं त्याची न्हाई. तवा माझ्याकडं दुसरं काय होतं लावायला? तुमी माझ्या भल्यासाठी केलं हे मला कळतं. उमाबाईनं ते मोठ्यानं वाचलं तवा मी म्हणलं, बाई, हे असं झालंच न्हाई. ती हसली. म्हणली, मग काय झालं ते सांग. मी सांगितलं. पहारी, काष्टे, टँकर, सगळं. ती म्हणली, चल अंगणात. एवढंच. घरी येऊन मी तुमाला हे सांगणार होते, पण तुमी इतके खूष झाले होते की मला वाटलं कशाला सांगायचं, मास्तराचं मन मोडंल.

तुमी हलकुडेसाहेबाला लिहिलं की धुरपताला कळवू नका, ती घाबरंल, भलतंच बोलंल. ते पत्र साहेबानं मला दाखवलं, मीच मागून घेतलं. गुरुजी, मी घाबरले न्हाई. मला इचारलं तवा मी खरं लिहून दिलं, एका दमात. घाबरले तुमी दोघं. आन् तुमी घाबरले म्हणून मला नोटीस आली. सात दिवस माय घरात भांडी आवरून बसली होती, गावाकडं जायचं म्हणून.

साहेबाचं नाव पेपरनं काढलं म्हणं. ते परवा वसतिगृहात आले, पोरींचा खेळ बघितला आन् लिहून घेतलं. कुठं छापणार इचारलं तर म्हणले, ठाऊक न्हाई. मी बसवलं, चहा दिला. माणूस वाईट न्हाई.

आता एकच बोलते आन् मग राग संपला. त्या दिवशी तलावात तुमी मुकादमाचं घड्याळ हातात घेऊन दगडावर बसले होते. मी चार मिनिटं कुणाच्या हाताला लागले न्हाई, ते तुमी तुमच्या डोळ्यानं बघितलं. उमाबाईनं अंगणात थोडंसंच बघितलं आन् तिला पटलं. तुमी सगळं बघून बी आठ वर्सं धरून चालले की धुरपताची नोकरी त्या मथळ्यावरच उभी हाय. मला ह्याचंच लई वाईट वाटलं.

धुरपता